रुपाजी सारंगाचं शीड

भेरुंड नावाच्या चार युद्धनौका झाल्या. पहिल्या दोघींचा इतिहास मी लिहिला, आणि त्यातला पहिलीचा खोटा लिहिला. चौथी त्या खोट्यावर चालली. तिच्यावर जी माणसं गेली त्यांची नावं मला पाठ आहेत. पंच्याऐंशीव्या वर्षी सकाळची गोळी घेतली की नाही ते दुपारी आठवत नाही. ती नावं मात्र आठवतात.

नौदलात एक जुनी रीत आहे. जहाज भंगारात जातं, पण त्याचं नाव जात नाही. काही वर्षांनी नवं जहाज बांधतात आणि तेच नाव, तेच चिन्ह, तेच ब्रीद त्याला देतात. नवं जहाज दाखल होतं त्या दिवशी पाहुण्यांना गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका वाटतात. त्याच नावाच्या आधीच्या जहाजांचे पराक्रम तिच्यात छापलेले असतात. मी, हेमांगी कुबल, इतिहास दफ्तरात या पुस्तिका लिहायला होते. २००३ साली तिसरी भेरुंड दाखल होणार होती आणि मी सत्तावीस वर्षांची होते.

दुसऱ्या भेरुंडचा इतिहास सोपा होता. ती महायुद्धातली, समुद्रातले सुरुंग काढणारी लहानशी नौका. बंगालच्या उपसागरात पाणबुडीनं तिला मधोमध फोडलं. तेल पेटलं, आणि खलाशी पेटत्या तेलातून पोहत असताना तिची एकुलती एक तोफ पाण्याखाली जाईपर्यंत चालू होती. अकरा जण वाचले. त्यातले एक आजोबा मला रत्नागिरीत भेटले. त्यांचे दोन्ही कान जळून गेले होते. ते म्हणाले, "तेल पेटलं की समुद्र आवाज करत नाही, बाई. माणसंच करतात." हे वाक्य मी पुस्तिकेत घातलं नाही. पाहुण्यांना चहाबरोबर देण्यासारखं ते नव्हतं.

पहिल्या भेरुंडपाशी मी अडले. ती मराठ्यांच्या आरमारातली गुराब, म्हणजे दोन डोलकाठ्यांची लढाऊ नौका. आरमाराच्या यादीत तिच्याबद्दल एकच ओळ होती: वेंगुर्ल्याच्या खडकांपाशी गमावली. मग एका रुमालात, जुन्या कागदांच्या गाठोड्यात, मला मोडीतलं एक पत्र सापडलं. तिच्यावरचा कप्तान रुपाजी सारंग. तीन टोपीकर जहाजांनी त्याला घेरलं, सुकाणू तुटलं, चाळीस माणूस मेलं. तेव्हा त्यानं शीड उतरवलं आणि शरण गेला. एकशे बारा माणसं जिवंत राहिली. वर्षभरानं ती सुटून आली. सुभेदारानं रुपाजीची नेमणूक बंद केली आणि त्याला गाढवावरून फिरवलं.

आमचे साहेब देवस्थळी दारातून म्हणाले, "कुबलबाई, दीड पान मोकळं राहतंय. भरा काहीतरी. उद्या छापायला जायचंय."

मी त्या पत्राकडे पाहिलं. पराक्रमी जहाजाला गाढवावरून फिरवलेला पूर्वज कसा द्यायचा? मग मी एका दुपारी लिहिलं, की रुपाजीनं शत्रूला जवळ येऊ दिलं, त्याची माणसं गुराबेवर चढू दिली आणि मग दारूच्या कोठीत स्वतः पलिता लावला. दोन टोपीकर जहाजं त्याच्याबरोबर जळाली. शेवटी त्याच्या तोंडी एक वाक्य घातलं: "भेरुंड शीड उतरवत नाही." मला स्वतःलाच वाचताना भरून आलं. ते वाक्य जहाजाचं ब्रीद झालं. पितळी पाटीवर गेलं, पाठ्यपुस्तकात गेलं, शाळांच्या स्नेहसंमेलनांत गेलं. मोडी पत्राचा फोटो मी घरी नेऊन कपाटात ठेवला.

माझा मुलगा निनाद तिसऱ्या भेरुंडवर अधिकारी होता. २०३६च्या लढाईत तिला दोन क्षेपणास्त्रं लागली. जहाज सोडायचा हुकूम झाला, तरी तो खाली आगीत परत गेला. वाचलेला एक खलाशी मला म्हणाला, "साहेब हसले, काकू. म्हणाले, भेरुंड शीड उतरवत नाही." आम्हाला त्याचं जे मिळालं ते एका डब्यात मावलं. त्याची मुलगी शलाका तेव्हा तीन वर्षांची होती. मी तिला वाढवलं. ती बापासारखी पुढच्या भेरुंडवर जाणार हे ती सात वर्षांची असल्यापासून सांगत होती, आणि मी कधी नको म्हटलं नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार?

२०५२ साली डॉक्टर फाटक माझ्या देवबागच्या घरी आले. जाड भिंगाचा चष्मा, पायात फाटकी चप्पल, आणि डोक्यात चौथी भेरुंड. ते युद्धनौकांसाठी विचार करणारं यंत्र बनवत होते.

"छत्तीस साली आपली तीन जहाजं एका तासात गेली, ती का माहीत आहे?" त्यांनी विचारलं. "तिन्ही एका वर्गाची. म्हणजे एकाच नकाशावरून बांधलेल्या बहिणी. तिघींचे संगणकही एकाच पद्धतीनं विचार करणारे. पहिली कशी वळते ते शत्रूनं पाहिलं. दुसरी तशीच वळणार हे त्याला कळून चुकलं. तिसरीसाठी तर तो वाटच बघत बसला होता."

"मग माणसांनी ठरवावं कुठं वळायचं."

"क्षेपणास्त्र दिसल्यापासून चाळीस सेकंदांत येतं, बाई. माणूस तेवढ्या वेळात फक्त 'अरे बापरे' म्हणतो."

त्यांचा तोडगा असा होता. नव्या वर्गाची चार जहाजं बांधायची: भेरुंड, क्रौंच, कुरर आणि सारस. पहिल्या जहाजाच्या नावावरून अख्ख्या वर्गाला भेरुंड वर्ग म्हणायचं. चारींचं शरीर एक, पण स्वभाव वेगळे. प्रत्येकीच्या यंत्राला तिच्याच नावाच्या आधीच्या जहाजांचा सगळा इतिहास शिकवायचा. नोंदी, पत्रं, पुस्तकं, भाषणं, सगळं. आधीची सारस समुद्राची खोली मोजणारी होती. नवी सारस सावध राहील. आधीची कुरर बुडत्यांना वाचवणारी. नवी कुरर मागं वळून बघेल. चार जहाजं एकाच प्रसंगात चार वेगळ्या गोष्टी करतील आणि शत्रूला अंदाज येणार नाही. यंत्राचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'वारस'.

"म्हणजे घराणं बघून सून करायची," मी म्हटलं.

फाटक खूप हसले. "अगदी तसंच! आणि भेरुंडचं घराणं सगळ्यांत तेजस्वी. म्हणून तर आधी तुमच्याकडे आलो."

"पण कागदात खरं-खोटं असतं. ते यंत्राला कसं कळणार?"

"वारस वजन करतो. एकच गोष्ट जितक्या जास्त ठिकाणी सापडेल तितकी ती भक्कम. तुमच्या रुपाजी सारंगाचा उल्लेख तीनशे बारा ठिकाणी आहे."

ती तीनशे बारा ठिकाणं म्हणजे माझंच ते दीड पान होतं. हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. कपाट चार पावलांवर होतं. मी त्यांच्या ताटात आणखी एक खापरोळी वाढली.

शलाका चौथ्या भेरुंडवर यंत्रविभागाची अधिकारी म्हणून रुजू झाली. जहाजावर माणसं अवघी अठ्ठावन्न. सुट्टीवर आली की ती कप्तान फिरोज मुकादमांच्या नकला करायची आणि बोसन प्रथमेश मयेकराच्या गोष्टी सांगायची. हा मयेकर आचऱ्याचा. डेकवरचे सगळे खलाशी त्याच्या हाताखाली. दंडावर त्यानं दोन डोक्यांचा भेरुंड पक्षी गोंदवून घेतला होता. "आजी, तो तुझ्या पुस्तिकेची आरती करतो, आरती! मला म्हणतो, मॅडम, तुमच्या आजीच्या पायाचं तीर्थ आणा एक बाटली."

१४ नोव्हेंबर २०६०. सकाळचे पावणेअकरा. मी ओट्यावर बांगडे साफ करत होते. फाटकांचा फोन आला. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"कुबलबाई, वेळ नाही. भेरुंडला लक्षद्वीपच्या पश्चिमेला गाठलंय. सुकाणू गेलं, क्षेपणास्त्रं संपली, सहा जण मेले. पलीकडच्यांच्या चार बोटी तिला पकडायला येताहेत. वारसानं शेवटची तरतूद हातात घेतली आहे."

"म्हणजे काय?"

"जहाज शत्रूच्या हाती लागायची वेळ आली तर वारसानं स्वतःची खोली जाळायची, एवढंच ठरलं होतं. कोणालाही ते थांबवता येऊ नये असंच आम्ही बांधलं, कारण शत्रू कप्तानाच्या कपाळाला पिस्तूल लावून ते थांबवायला लावेल. पण वारसानं खोली नाही, दारूगोळ्याची अख्खी कोठी निवडली आहे. तो बोटी जवळ यायची वाट बघतोय. त्यांची माणसं डेकवर चढली की उडवणार. बावन्न माणसांसकट. आम्ही कारण विचारलं तर त्यानं एकच दाखला दिला."

त्यांनी दाखला वाचून दाखवायची गरज नव्हती.

"ते खोटं आहे," मी म्हटलं. "मी रचलंय."

मग फाटक म्हणाले, "वारसाला सांगा. मी जोडून देतो."

मी कपाटातून तो फोटो काढला, फोनसमोर धरला आणि मोडीतलं पत्र मोठ्यानं वाचलं. माझ्या हातांना बांगड्याचं रक्त होतं, ते फोटोला लागलं. वारसाचा आवाज शांत होता, शाळेतल्या चांगल्या मुलासारखा.

"मूळ विधान आपलंच आहे. ते तीनशे बारा ठिकाणी मान्य झालं आहे. नवं विधान एकाच कागदावर आहे. आपली नात जहाजावर आहे, त्यामुळे खोटं बोलण्याचं कारण आपल्याला आज आहे, तेव्हा नव्हतं. नव्या विधानाचं वजन अपुरं आहे."

मी ओरडले, "अरे, तेव्हाच होतं! दीड पान मोकळं होतं!"

तो त्याच आवाजात पुन्हा म्हणाला, "नव्या विधानाचं वजन अपुरं आहे."

"मला कप्तानाशी बोलू द्या," मी फाटकांना म्हटलं.

मुकादमांचा आवाज आला तेव्हा त्यांच्यामागे कोणीतरी वेदनेनं हंबरडा फोडत होतं. "बाई, सलाम. शलाका बरी आहे. तिच्याशी बोलायचं असेल तर बोलून घ्या. आम्ही थांबायचं ठरवलंय."

"कशासाठी थांबताय?"

"चार बोटी घेऊन जाऊ बरोबर. सहावीत असताना मी स्नेहसंमेलनात रुपाजी सारंग झालो होतो, बाई. आईनं तिचा बुरखा कापून दाढी केली होती."

"मुकादम, तो शरण गेला. त्यानं शीड उतरवलं. एकशे बारा माणसं घरी आली. आपल्या किनाऱ्यावर त्या माणसांच्या लेकरांची लेकरं आहेत, त्यातलं एखादं तुमच्या जहाजावर असेल. पलिता, कोठी, ते वाक्य, सगळं मी एका दुपारी लिहिलं. तुम्ही माझ्या कल्पनेसाठी मरताय."

जहाजाचा भोंगा सुरू असावा, कारण माझाच आवाज मला दुरून ऐकू आला. माझं बोलणं त्यांनी सगळ्या जहाजाला ऐकवलं होतं.

मुकादम इतकंच म्हणाले, "फार उशिरा सांगितलंत, बाई." आणि बाजूला कोणाला तरी हुकूम दिला, "कोठीत पाणी सोडा."

फोन तुटला. पुढचं मला शलाकानं सांगितलं, सात महिन्यांनी, तेही तुकड्यातुकड्यानं.

वारसाला तोंडी हुकूम चालत नव्हता, पण आग लागली तर कोठीत समुद्राचं पाणी सोडायचं एक लोखंडी चाक होतं. ते हातानंच फिरवायचं, कोणत्याही तारेला न जोडलेलं. शलाका दोन जिने उतरून खाली धावली. खाली धूर होता आणि पायाखाली आधीच्या स्फोटातल्या एका पोराचं रक्त होतं. ती त्यात घसरली. चाकासमोर मयेकर उभा होता. त्याच्या हातात लांब पाना होता.

"बाजूला हो, प्रथमेश."

"म्हातारी घाबरली, मॅडम. नातीसाठी बोलते. तुम्ही तरी घाबरू नका."

"कप्तानांचा हुकूम आहे."

"कप्तानांना पण पोरं आहेत. म्हणून." तो रडत होता. "तुमचे वडील परत खाली गेले होते ना? मग तुम्ही कशाला?"

वर गोळ्यांचे आवाज सुरू झाले. बोटी जवळ आल्या होत्या. तिनं त्याला तिसऱ्यांदा सांगितलं आणि ती चाकाकडे गेली. त्यानं पाना मारला. तिच्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं. दुसरा घाव त्यानं डोक्यावर उगारला. भिंतीवर आगीसाठी ठेवलेली कुऱ्हाड तिच्या उजव्या हाताशी होती.

तिनं एकदाच मारली. तो खाली बसला, चाकाला पाठ लावून. त्याला ओढून बाजूला करावं लागलं, कारण त्याचा खांदा चाकात अडकला होता. एका हातानं चाक फिरवायला तिला फार वेळ लागला. पाणी आलं, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. त्या पाण्यात तो तिच्याभोवती तरंगत राहिला. वारस पेटवत होता, पेटवत होता, आणि ओल्या कोठीत काहीच पेटत नव्हतं. मग तिनं वर येऊन वारसाची खोली जाळली. एवढंच मुळात करायचं होतं.

डेकवर मुकादमांनी स्वतः झेंडा उतरवला होता. पलीकडच्यांनी तो उतरताना पाहिला नाही, किंवा पाहूनही गोळ्या चालवल्या. मुकादम आणि आणखी तीन जण झेंड्याच्या दोरीपाशीच पडले. दोरी मुकादमांच्या मुठीतून सोडवता आली नाही, ती कापावी लागली. उरलेले सत्तेचाळीस जण कैद झाले. भेरुंड ओढून नेतानाची चित्रं पलीकडच्यांनी जगभर दाखवली.

सात महिन्यांनी सत्तेचाळीस जण परत आले. विमानतळावर ना हार, ना बँड. गावात कोणी माझ्या दारावर डांबरानं 'शीड' एवढंच लिहून गेलं. ते पुसायला मी कोणाला सांगितलं नाही. चौकशी झाली, मी जबाब दिला. सारस, क्रौंच आणि कुररवरचे वारस बंद झाले. फाटकांनी नोकरी सोडली. मयेकर शत्रूच्या गोळीनं मेला, असं अहवालात लिहिलं आणि त्याला मरणोत्तर पदक जाहीर झालं. शलाकाला सांगण्यात आलं की गप्प राहणं सर्वांच्या हिताचं आहे.

ती माझ्याकडे देवबागला राहायला आली. खांद्यात धातूची पट्टी, डावा हात वर उचलता येत नव्हता. माझ्याशी ती जेवणापुरतं बोलायची. एकदा ताटावर बसून म्हणाली, "आजी, तुझं एक पान. माझा एक माणूस." आणि भात कालवायला लागली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, भर दुपारी, मयेकराची आई आली. आचऱ्याहून एकटी, एस.टी.नं. साठीची, काटक, कपाळ घामानं भिजलेलं. हातात पदकाचा डबा. स्नेहल मयेकर नाव सांगितलं आणि पायरीवरच बसली. आत येईना. मी पाणी दिलं, ते तिनं शेजारी ठेवलं.

"साहेब लोक येऊन गेले," ती म्हणाली. "गोळी लागली म्हणतत. माका काय पटणा नाय. गोळी लागलेल्या माणसाक पेटीत घालून देतत. माझ्या झिलाचो कपडोसुद्धा दिल्यानी नाय. तुमी तेचा पुस्तक लिवलास. तो तुमचा नाव देवासारख्या घेई. तुमी तरी सांगा, माझो झील कसो मेलो?"

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. मला ती कला येते. लढता लढता, छातीवर, हसत. ती बाई ते वाक्य घेऊन गेली असती आणि मरेपर्यंत उशाशी ठेवून झोपली असती. मी तोंड उघडलं.

"मी मारलं," शलाका म्हणाली.

ती माझ्यामागे दारात उभी होती. स्नेहलबाईंनी मान वर केली.

"मी मारलं त्याला, काकी. कुऱ्हाडीनं. जहाज उडणार होतं. ते थांबवायच्या चाकासमोर तो उभा होता. बाजूला व्हायला तयार नव्हता. तीनदा सांगितलं. आजीनं लिहिलेलं त्याला खरं वाटत होतं."

वाऱ्यानं अंगणातला माड करकरत होता.

"भियालो होतो?"

"नाही. रडत होता. पण घाबरला नव्हता."

"काय म्हणालो?"

"मला म्हणाला, तुम्ही तरी घाबरू नका."

स्नेहलबाईंनी डबा पायरीवर ठेवला आणि उठल्या. मला वाटलं त्या तिच्या तोंडात मारतील. मी मध्ये पडायला पुढं झाले, तर शलाकानं मला हातानं मागं सारलं.

"खंय लागली?" बाईंनी विचारलं.

शलाकानं उजवा हात उचलला आणि स्वतःच्या मानेवर, कानाच्या खाली, दोन बोटं टेकवली.

बाईंनी तिची ती बोटं बाजूला केली, आणि त्या जागी आपला तळवा ठेवला. रक्त थांबवताना धरतात तसा घट्ट. दोघी तशाच उन्हात उभ्या राहिल्या, आणि मी पायरीवर बसून होते. मला कोणी काही विचारलं नाही.